हौज कटोरा : आळ्यात लावलेला महाल

अचलपूरच्या हौज कटोऱ्याविषयीचा हा धागा जरा लांबणार आहे, आणि त्याची सुरुवात इमादशहांपासून न करता संत्र्याच्या एका बागेपासून करावी लागेल.

वैशाखाचे दिवस होते. अचलपूर तालुक्यातल्या एका गावचे, सत्तरी ओलांडलेले एक बागवान आपल्या नातीसह परतवाड्याला आले होते. खरे तर नातीनेच त्यांना आणले होते. स्कूटर तिची होती. काम एकच होते. दोन एकरांतली संत्र्याची सव्वादोनशे झाडे काढायची ठरली होती आणि त्यासाठी जेसीबीवाल्याला बयाना द्यायचा होता. बोअर दोन वेळा खोल नेऊनही उन्हाळ्यात ती तासाभरात हवा ओकू लागे. बुंध्यांना डिंक्या लागला होता, शेंडे वाळत चालले होते. निर्णय मुलाने घेतला. म्हाताऱ्याने विरोध केला नाही. पैसे द्यायला मात्र आपण स्वतः जाऊ, एवढेच सांगितले.

बयाना देऊन झाल्यावर दोघेही रसवंतीच्या सावलीत बराच वेळ काही न बोलता बसले. नात अमरावतीला फार्मसी शिकते. तिने मोबाइलवर हौज कटोऱ्याची चित्रफीत पाहिलेली होती. अचलपूर एवढे जवळ असून आपण ते कधी पाहिले नाही, असे तिने बोलून दाखवले. आजोबा म्हणाले, “म्या पाह्यलं. लहानपनी बाबासंगं बंडीत गेलतो. तवा पानी होतं तिथं.”

या शेवटच्या वाक्यासाठी हा सगळा प्रपंच आहे.

हौज कटोरा अचलपूरच्या पश्चिमेला, गावाबाहेर आहे. हौज म्हणजे टाके, कटोरा म्हणजे वाडगा. नाव पाण्याचे आहे, इमारतीचे नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. ज्यांनी नाव ठेवले त्यांना मुख्य वस्तू ती वाटली होती. आज जाणारा माणूस मात्र वर पाहतो. एका खोलगट, गोलाकार, कोरड्या जागेच्या मधोमध आठ बाजूंचा तीन मजली मनोरा उभा आहे, टोकदार कमानींचा, कळकट आणि देखणा. परंपरा सांगते की मजले मुळात पाच होते. वरचे दोन पुढे नवाबी काळात बांधकामाच्या सामानासाठी उतरवले गेले. छायाचित्रे सगळी या मनोऱ्याची निघतात. वाडग्याचे छायाचित्र कोणी काढत नाही.

थोडे मागे जाऊ. अचलपूर, म्हणजे इंग्रजी कागदांतले एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होते. बहमनी राज्य फुटून दक्षिणेत जी पाच राज्ये झाली, त्यांतले हे सर्वांत कमी आठवले जाणारे. विजापूरला गोलघुमट आहे, गोवळकोंड्याला हिऱ्यांची कीर्ती आहे, बीदरला निळ्या फरशांची मदरसा आहे, अहमदनगरला चांदबीबी आहे. इमादशाहीच्या वाट्याला शालेय पुस्तकात एक ओळ येते. तिचा संस्थापक फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा विजयनगरच्या मुलुखातला कानडी ब्राह्मणाचा मुलगा. लढाईत लहानपणी पकडला गेला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला आणि शेवटी स्वतः सुभेदार झाला, असे फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला. त्याने स्वतंत्र होण्याआधीच गाविलगड आणि नरनाळा हे दोन्ही किल्ले नव्याने मजबूत केले होते. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावरचा लेख १४८७ चा आहे. गाविलगडच्या दिल्ली दरवाजावर सिंह आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे. गंडभेरुंड ही विजयनगरची ओळखीची खूण. सातपुड्याच्या कड्यावर कर्नाटकातले पाखरू कसे आले, याचे उत्तर संस्थापकाच्या जन्मकथेत असावे, हा तर्क मोहक आहे आणि बहुधा बरोबरही.

किल्ले डोंगरावर, राजधानी पायथ्याला. ही जागा का निवडली असेल? तटबंदीच्या दृष्टीने अचलपूर काही अजिंक्य नव्हे. उत्तर पाण्यात आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तिथे विहीर खणली तर पाणी लागते, पण तोंडात घेववत नाही आणि पिकाला दिले तर जमीन पांढरी पडते. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याची चिंचोळी पट्टी मात्र गोड पाण्याची. मेळघाटातून उतरणारे ओढे इथल्या गोट्यांच्या, वाळूच्या थरांत मुरतात. सापन आणि बिच्छन या दोन नद्यांच्या आसऱ्याने अचलपूर वसले ते याच पट्टीत. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर हा संत्र्याचा पट्टाही हाच. म्हणजे पंधराव्या शतकातल्या राजाने राजधानीसाठी आणि विसाव्या शतकातल्या शेतकऱ्याने बागेसाठी जागा निवडली ती एकाच कारणाने. दोघांचे नातेवाईकपण इतिहासाच्या पुस्तकांत सापडत नाही, भूजलाच्या नकाशात सापडते. (जाता जाता : तिसरा राजा दर्या इमादशहा. दर्यापूरचे नाव त्याच्यावरून पडले असे मानले जाते. दर्या म्हणजे नदी, सागर. ते दर्यापूर आहे खारपाणपट्ट्यात.)

नात आणि आजोबा तिथे पोचले तेव्हा दुपारचे चार वाजले असतील आणि ऊन अजून उतरले नव्हते. नात कमानींकडे गेली. तिला सावली हवी होती आणि छायाचित्रेही. आजोबा मागेच राहिले. काठावरून ते हळूहळू तळात उतरले, मधे थांबले, चपलेच्या टोकाने माती उकरली, मग काठाकाठाने गोल फिरू लागले. बऱ्याच वेळाने नातीने वरून हाक मारली, “आबाजी, काय पाहून राह्यले तुम्ही?”

“हे तं आयं आहे, माय.”

आयं, म्हणजे आळे. वऱ्हाडी तोंडात ळ चा य होतो. झाडाच्या बुंध्याभोवती पाणी साठावे म्हणून केलेला मातीचा गोल खळगा. आजोबांना मनोरा दिसलाच नाही असे नव्हे. त्यांना तो झाड म्हणून दिसला. भोवती गोल खोलगा, मधे उभे असलेले काहीतरी, आणि कुठूनतरी येणारा दांड. साठ वर्षे त्यांनी हेच केले होते.

मग त्यांनी जे प्रश्न काढले, ते एखाद्या अभ्यासकाने काढावेत इतके नेमके होते. पाणी आले कुठून? जमीन उत्तरेकडून, डोंगराच्या बाजूने उतरते, तेव्हा आणणाराही तिकडूनच आणेल. जास्त झालेले पाणी गेले कुठे? वाडगा काठोकाठ भरून ठेवायचा तर सांडवा हवा. गाळ कोण काढी? आणि चौथा प्रश्न त्यांच्या धंद्यातला होता. संत्र्याच्या बुंध्याला पाणी टेकले की डिंक्या येतो. म्हणून जाणते बागवान दुहेरी आळे करतात : एक छोटे वर्तुळ बुंध्याजवळ, ते कोरडे राहते, आणि त्याच्या बाहेर दुसरे, त्यात पाणी सोडायचे. “इथं तं बुंधा पान्यातच उभा केला. मंग सडला काहून नाही?”

प्रश्नाचे उत्तर आहे. घडीव दगडाचा पाया आणि चुना. नुसता चुना पाण्यात विरघळत जातो. पण त्यात भाजलेल्या विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळली की तो ओलीतही घट्ट होत जातो. जुन्या विहिरी, बारव, टाकी या ज्ञानावर उभ्या आहेत. उलट, अशा वास्तूंना धोका असतो तो पाणी असण्याचा नव्हे, पाणी येण्या-जाण्याचा. वऱ्हाडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा देऊन आकसते. सदा ओला राहणारा पाया एका स्थितीत असतो. वर्षातून एकदा भिजून एकदा कोरडा होणारा पाया दर वर्षी थोडा हलतो. वाडगा कोरडा पडला म्हणजे महाल सुरक्षित झाला, असे नाही.

पाण्यात महाल बांधण्याची हौस मुळात कशासाठी? पहिले कारण उघड आहे, आणि वैशाखात अचलपूरला उभे राहिले की ते कातडीला कळते. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. पाण्यावरून येणारा वारा बाष्पीभवनामुळे थंड होतो. आठ दिशांना कमानी असल्या की वारा कुठूनही येवो, तो पाण्यावरूनच आत येतो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालतो तो याच तत्त्वावर. दुसरे कारण एकांत. भोवती पाणी असले की चोरून ऐकणारा कान जवळ येत नाही. तिसरे कारण कल्पनेचे. फारसी बागांच्या परंपरेत ‘हश्त बिहिश्त’ म्हणजे आठ स्वर्ग. अष्टकोनी आराखडा त्या कल्पनेशी जोडला जातो. बागेच्या मधोमध पाणी, पाण्याच्या मधोमध अष्टकोन, आणि त्यात बसलेला माणूस. दख्खनच्या सुलतानांना ही मांडणी फार प्रिय होती. विजापूरजवळ कुमटगीला तळ्याकाठी आणि तळ्यात आदिलशाही विलासमंडप आहेत. अहमदनगरला १५०६ च्या सुमारास एक बाग उभी राहिली, तिचे पुढे नावच हश्त बिहिश्त पडले. हौज कटोऱ्याला कोणी बहमनी अहमदशहाशी जोडतात, कारण गाविलगड बांधला जात असताना त्याचा मुक्काम अचलपुरास होता. बहुतेक जण इमादशाहीशी जोडतात. घराण्याचा वाद बाजूला ठेवला तरी वास्तूचे गोत्र स्पष्ट आहे.

आणि या गोत्रातला सर्वांत प्रसिद्ध भाऊबंद ज्याने उभारला, त्याच राजाने अचलपूरची सत्ता संपवली. हा भाग सावकाश वाचावा.

अहमदनगरचा पहिला मुर्तझा निजामशहा १५६५ मध्ये गादीवर आला. त्याच्या वेळी इकडे वऱ्हाडात बुरहान इमादशहा हा मुलगा नावाचा राजा होता आणि सगळा कारभार तुफालखान या सरदाराच्या मुठीत होता. मुर्तझाने हेच निमित्त केले. राजाला त्याच्या सेवकाच्या तावडीतून सोडवतो, असे म्हणत निजामशाही फौज वऱ्हाडात शिरली. मोहिमेचा खरा चालक होता मुर्तझाचा वकील चंगीझखान. १५७४ मध्ये नरनाळा पडला, गाविलगड पडला, तुफालखान हाती आला. ज्याला सोडवायला फौज आली होती त्या बुरहानलाही कैदेतच टाकले गेले आणि ते सगळे कैदेतच मेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे राज्य असे संपले. अचलपूर यानंतर राजधानी म्हणून उरले, पण सुभ्याची.

विजयानंतर काय झाले, ते फरिश्त्याने लिहून ठेवले आहे, आणि तो त्या काळात अहमदनगरच्याच चाकरीत वाढलेला असल्याने त्याचे म्हणणे हलके घेता येत नाही. चंगीझखानाला वऱ्हाडात स्वतंत्र व्हायचे आहे, असा संशय राजाच्या कानात घालण्यात आला. घालणारा होता गोवळकोंड्याचा वकील. चंगीझखान लाच घेत नाही म्हणून तो चिडला होता. राजाने ते खरे मानले आणि चंगीझखानाला विष देवविले. नंतर सत्य कळले. पश्चात्तापाने किंवा मन भरकटल्याने, मुर्तझा लोकांतून उठला. त्याने दरबार सोडला, कारभार इतरांवर टाकला आणि वर्षानुवर्षे बागमहालांत एकांतवास पत्करला. लोक त्याला ‘दिवाना’ म्हणू लागले.

याच वर्षांत अहमदनगरचा फराहबाग सजत होता. फराह म्हणजे आनंद. त्याच्या पहिल्या बांधणीशी चंगीझखानाचेही नाव जोडलेले आहे. पहिले काम पसंत न पडल्याने ते पाडले गेले आणि १५८३ मध्ये सलाबतखानाच्या देखरेखीखाली आजची इमारत पुरी झाली. मोठ्या तलावाच्या मधोमध अष्टकोनी महाल, आत उंच घुमटी दालन, भोवती बाग. अहमदनगरकरांनी खापरी नळांनी दूरदूरचे पाणी शहरात आणि बागांत खेळवले होते, त्या जलविद्येचा तो मुकुटमणी. हा महाल पाहूनच शहाजहानला ताजमहाल सुचला, असे सांगणाऱ्या पोस्ट दर दोन महिन्यांनी फिरतात. त्या पुढे पाठवण्याआधी एवढे विचारावे, की फराहबागेला एवढे मोठे असण्यासाठी ताजमहालाची गरज का पडावी?

वऱ्हाड जिंकणारा राजा पाण्यातल्या महालात एकटा बसला. १५८८ मध्ये त्याच्याच मुलाने त्याला हमामखान्यात कोंडून खाली जाळ पेटवला. फरिश्ता त्या दिवशी राजवाड्याच्या पहाऱ्यावर होता.

अचलपूरच्या हौजात त्या वेळी पाणी भरलेले होते का, कोण भरत होते, हे कोणी लिहिले नाही. लढाया लिहिल्या गेल्या, दांड साफ करणारे लिहिले गेले नाहीत. पण एक फूल लिहिले गेले, आणि ते कसे, ते सांगायला हवे.

१५९६ मध्ये चांदबीबीला वऱ्हाड मोगलांना सोडून द्यावा लागला. शहाजादा मुराद इथला अधिपती झाला. अकोल्याकडे बाळापूरजवळ शहापूर वसवून तो राहिला आणि १५९९ मध्ये पूर्णेच्या परिसरातच वारला. त्याच सुमारास अबुल फझल ‘आईन-इ-अकबरी’ पुरी करत होता. त्यात वऱ्हाड सुभ्याचे वर्णन आहे : सरकारे, परगणे, महसूल, किल्ले. अचलपुरापाशी आल्यावर मात्र ही हिशेबी लेखणी क्षणभर थबकते. हे मोठे शहर आहे, असे सांगून अबुल फझल तिथल्या एका फुलाची नोंद करतो. दिसायला बनफशासारखे, फार सुवासिक, आणि जमिनीला लागून उगवणारे. नाव दिले आहे भूपन चंपा.

नातीने हे तिथेच, कमानीच्या सावलीत, फोनवर वाचले. तिला नाव लागेना. भूपन म्हणजे काय? तिने खाली बसलेल्या आजोबांना वाचून दाखवले. आजोबांना मुळीच वेळ लागला नाही. “भुईचाफा हो तो. अजून काय?”

भुईचाफा. तिने फार्माकोग्नोसीच्या पुस्तकात तो पाहिला होता, केम्फेरिया रोटुंडा या नावाने, आल्या-हळदीच्या कुळात. त्याची रीत विलक्षण आहे. उन्हाळ्यात झाडाचा जमिनीवर मागमूस नसतो. सगळा जीव कंदात असतो. मग पानांच्या आधीच, उघड्या जमिनीतून थेट पांढरी-जांभळी फुले वर येतात. पाने मागाहून, पावसाबरोबर. अबुल फझलने वर्णन केले तसेच : भुईला लागून. एवढ्या मोठ्या सुभ्याच्या जमाखर्चात कोणाला तरी ते फूल सांगावेसे वाटले, आणि कोणी तरी ते लिहून घेतले. राजधानीचे महाल, बागा, कारंजी यांपैकी काही त्या वर्णनात नाही. फूल आहे.

“आपल्या जुन्या घरी न्हानीमागं होता,” आजोबा म्हणाले. “सांडपान्यावर वाढे. पाय मुरगयला का माय त्याचा कंद उगायून लेप लावे.”

“आता आहे?”

“न्हानी पाडली ना.”

ती मग वर चढली नाही. दोघे हौजाच्या काठाने पुन्हा एकदा फिरले. तिला पाहायचे होते, की आजोबा म्हणतात ते पाणी लहानपणी कुठवर होते. त्यांनी एका जागी थांबून हात कमरेपाशी धरला, मग जरा विचार करून तो गुडघ्यापर्यंत खाली आणला. बंडीतून उतरलेल्या पोराच्या कमरेएवढे, म्हणजे आज त्यांच्या गुडघ्याएवढे. पावसाळ्यातले साचलेले पाणी असेल, जुन्या व्यवस्थेचे नव्हे. पण त्यात मनोरा उलटा दिसत होता, हे त्यांना पक्के आठवत होते. वडील म्हणाले होते, राजाचा महाल खालीबी तेवढाच आहे. मुलाने ते खरे मानले होते आणि पुढे कित्येक वर्षे त्याला वाटत राहिले, की पाच मजल्यांतले उरलेले दोन पाण्यात आहेत.

पाण्याशिवायचा जलमहाल कसा पाहायचा, याला यापेक्षा चांगला धडा मिळणे कठीण. मोजणी केलेला आराखडा हवाच, शिलालेख हवेतच. पण ही वास्तू अर्धी दगडाची होती आणि अर्धी प्रतिबिंबाची, आणि दुसरी अर्धी गेली ती कोणी पाडली नाही. तिच्याकडे येणारी वाट बंद झाली, गाळ काढणारे हात दुसऱ्या कामाला गेले, एवढेच. अचलपूरचे नवाब अठराव्या शतकात इथे नांदले. १८०३ मध्ये गाविलगड इंग्रजांनी घेतला, पुढे वऱ्हाडचा कारभारही त्यांच्याकडे गेला. कापूस आला, रेल्वे आली, परतवाड्याची छावणी बसली. प्रत्येकाने पाण्याची आपली सोय केली. या वाडग्यात पाणी सोडण्याचे कारण कोणालाच उरले नव्हते.

कारण नसताना पाणी कोणी देत नाही, हे बागवानाला सांगावे लागत नाही. संत्र्याला तर मुद्दाम पाणी तोडतात. मृगाचा बहार हवा तर उन्हाळ्यात बागेला ताण द्यायचा. पाने सुकतात, झाड मेल्यासारखे दिसते आणि पहिल्या पावसाला फुलांनी पांढरे होते. ताण किती द्यायचा, यात सगळी कसोटी. एक आठवडा जास्त झाला तर झाड परत येत नाही. गेल्या काही उन्हाळ्यांत ताण देण्याचा निर्णय बागवानाच्या हाती राहिला नव्हता, बोअरच देत होती. वरूड-मोर्शीकडे भूजल उपसून उपसून इतके खाली गेले की ते तालुके अतिशोषित म्हणून नोंदले गेले. गोड पाण्याची जी पट्टी राजाला राजधानी इथे आणायला पुरली, ती पन्नास-साठ वर्षांत पंपांनी आटवली. त्या पंपांत एक आजोबांचाही होता. परतीच्या वाटेवर हे त्यांनीच काढले, आणि नातीला त्यावर काही बोलता आले नाही.

परतताना गावाच्या अलीकडे त्यांनी तिला गाडी जुन्या घराकडे घ्यायला लावली. घर म्हणजे आता दोन भिंती. न्हाणी होती त्या जागी फरशीचे तुकडे आणि बेशरमाचे झुडूप. आजोबांनी काठीने थोडे टोकरले. माती दगडासारखी झाली होती. वर फूल नव्हते, पान नव्हते. या दिवसांत पान नसतेच, असे नात म्हणाली. “फूल असाले पाह्यजे होतं,” ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी जेसीबी आला. अडीच तासांत अर्धा बगीचा आडवा झाला. झाडे निघाली तरी आळी तशीच राहिली, ओळीने, रिकामी, शेकडा दीडशे वाडगे. यंत्र विहिरीकडच्या शेवटच्या दोन ओळींशी आले तेव्हा आजोबा मधे जाऊन उभे राहिले. चालकाला वाटले काही सामान राहिले असेल. त्यांनी सांगितले, “एवढे राहू दे औंदा.” मुलाने त्यांच्याकडे पाहिले, पण चालकासमोर तो काही बोलला नाही. बयान्यात बसेल तेवढे काम झाले होते.

सुटी संपल्यावर नात अमरावतीच्या बसमध्ये बसली. आजोबा फाट्यापर्यंत सोडायला आले होते. बस सुटता सुटता त्यांनी खिडकीशी येऊन विचारले,

“त्या हौजात पानी कुठून आनत होते, ते सापडते का कुठं लिहिलेलं? पाय बरं.”